शेऱ्याचा रकाना

त्या वर्षी उन्हाळा नीट लागलाही नव्हता आणि नदीने अंग चोरून घेतलं. पंपघराच्या खालच्या पायरीला टेकणारं पाणी आता खडकांच्या पलीकडे गेलं होतं. पंप सुरू केला की आधी खोकायचा, मग दोन पिचकाऱ्या टाकायचा, आणि मग कुठे टेकडीवरच्या टाकीकडे पाणी चढायला लागायचं. आसपासच्या तीन वस्त्या त्या एका टाकीवर जगत होत्या. पंप दोन वेळा जास्त खोकला की तिन्ही वस्त्यांतल्या बायका हंडे घेऊन दारात यायच्या, आणि पाणीवाला पाना घेऊन पंपाकडे धावायचा.

पाणीवाला म्हणजे पंप चालवणारा माणूस. त्याला खरं नाव होतं, पण ते हजेरीपटापुरतं. पंपघराला लागून खात्याने दिलेल्या दोन खोल्या होत्या. तिथे तो, त्याची बायको आणि त्याची म्हातारी आई राहत. म्हातारीचं कंबरेचं हाड तीन वर्षांपूर्वी मोडलं आणि तेव्हापासून ती खिडकीजवळच्या खाटेवरून संसार चालवत होती, तोही तोंडाने. नोकरी असेपर्यंत खोल्या आणि खोल्या असेपर्यंत संसार, असा सगळा मामला. दुसरीकडे कुठे वीतभर जागा नव्हती.

आता पाणीवाल्याचं काम म्हणजे काय, तर पंप चालवायचा आणि पंपाची वही लिहायची. पंप तो चालवायचा. वही त्याची बायको लिहायची. ही गोष्ट त्या तिघांखेरीज कोणाला ठाऊक नव्हती.

झालं होतं असं. अकरा वर्षांपूर्वी नोकरी लागली तेव्हा अर्जात विचारलं होतं, वही इंग्रजीत लिहिता येते का? आधीच्या म्हाताऱ्या पंपवाल्याने कोपराने ढोसलं आणि ह्याने ठोकून दिलं, येते. तिसरीत शाळा सोडलेला माणूस. आकडे यायचे, मराठी वाचायचा तेही बोट ठेवून. पहिल्याच दिवशी ती जाडजूड वही काखेत मारून घरी आला आणि बायकोपुढे टाकून म्हणाला, "तू सातवी पास आहेस ना? मग बघ काय ते."

तिने बघितलं. तारीख, वेळ, दाब, टाकीतली पाण्याची उंची, हे रकाने सोपे, नुसते आकडे. शेवटचा मात्र रुंद रकाना होता शेऱ्याचा. आज काय घडलं ते तिथे इंग्रजीत लिहायचं. तेवढ्या रकान्यासाठी ती अकरा वर्षं जगली म्हटलं तरी चालेल.

मग रीत पडली. पंपघरात एक पाटी असायची. पाणीवाला तिच्यावर खडूने खुणा करायचा. गळती झाली तर थेंब, पट्टा घसरला तर वाकडी रेघ, टाकीत पावडर टाकली तर लहानसं पोतं. दुपारी एकला पंप बंद झाला की पाटी घेऊन तो घरी यायचा. ती हात धुऊन, पदराला पुसून, वही मांडीवर घेऊन बसायची. तो जेवायचा आणि ती लिहायची. "थेंब कुठला?" ती विचारायची. "वरच्या वळणावरचा. चिंधी बांधलीय." मग ती मान वाकडी करून लिहायला लागायची आणि घरात एवढ्या वेळापुरतं कोणी मोठ्याने बोलायचं नाही. म्हातारीसुद्धा नाही, आणि हे काही थोडं झालं नाही.

सुरुवातीला फार फजिती झाली. महिनाअखेरीला वही मोठ्या कार्यालयात जायची. तिथे तेव्हाचे साहेब लाल पेन्सिल घेऊन बसायचे. पहिल्या महिन्यात एका पानावर तेरा लाल गोल आले. एवढंच असतं तर ठीक, पण साहेबांनी बाकीच्या अकरा पंपवाल्यांसमोर वही मोठ्याने वाचून दाखवली आणि सगळे पोट धरून हसले. पाणीवाला घरी आला तो दोन दिवस बोलला नाही. तिसऱ्या दिवशी एवढंच म्हणाला, "तुला येत नव्हतं तर सांगायचंस."

ते तिला लागलं. तिने त्या लाल गोलांनाच गुरू केलं. प्रत्येक गोलातला शब्द ती चुलीशी, धुण्याशी, म्हातारीची वेणी घालताना घोकायची. रद्दीवाल्याकडून एक शब्दकोश मिळवला. त्याची सुरुवातीची पानं कोणीतरी फाडून नेली होती, त्यामुळे 'ए' ह्या अक्षराचा एकही शब्द त्यात नव्हता. मग तिने 'ए'पासून सुरू होणारे शब्द लिहायचेच नाहीत असं ठरवलं. पाइपात हवा अडकली, तर हवा लिहायची नाही. पाइपाचा घसा बसला असं काहीतरी फिरवून लिहायचं. बाई जिद्दीची. गोल तेराचे सात झाले, साताचे दोन, आणि गेली चार वर्षं वहीला लाल पेन्सिल लागली नव्हती. उलट आता तिला हौस आली होती. नुसतं 'टाकी धुतली' न लिहिता 'टाकी कसून धुतली' लिहायची, आणि त्या 'कसून'चं स्पेलिंग इतकं आडवंतिडवं की ते बरोबर उतरलं की दिवसभर तिचं तिलाच बरं वाटायचं. बायका दागिने करतात. हिने स्पेलिंगं केली. आणि घालून मिरवायला जागा ती एकच, शेऱ्याचा रकाना.

तर त्या उन्हाळ्यात नदी आटली आणि खात्याला जाग आली. पाणी कमी, पंपवाले जास्त. बारांपैकी सहा ठेवायचे, त्यांना कायम करायचं, बाकीच्यांना निरोप. नवे साहेब आले होते. तरुण, सौम्य, अहोजाहो करणारे. त्यांनी कागद काढला: प्रत्येकाने महिन्याभराने कार्यालयात यायचं आणि समोर बसून वहीचं एक पान लिहून दाखवायचं. साहेब मराठीत सांगणार, ह्यांनी इंग्रजीत लिहायचं. अक्षर जुन्या वहीशी ताडून बघितलं जाईल, असंही खाली लिहिलं होतं.

तिने कागद वाचून दाखवला. पाणीवाला घास हातात घेऊन तसाच बसला.

"संपलं," तो म्हणाला.

"महिना आहे," ती म्हणाली.

"महिन्यात काय होणार? माझं डोकं म्हणजे..."

"दगड," खाटेवरून म्हातारी म्हणाली. "मी जन्म दिलाय, मला माहीत आहे. पण दगडावरही छिन्नी चालवतातच की लोक. तू शिकव गं त्याला."

दुसऱ्या दिवसापासून दुपारी एकला पाटी आली की ती लिहीत नसे, तो लिही. त्याचा हात पाना धरणारा. तो पेन पान्यासारखाच धरायचा. बोटांच्या भेगांत वंगण मुरलेलं, उजव्या तर्जनीचं पेर पूर्वी पट्ट्यात सापडून वाकडं झालेलं. इतका दाबून लिहायचा की खालच्या तीन पानांवर उठायचं. पहिल्या आठवड्यात दोन पेनं मोडली. मग ती त्याच्या मागे बसली आणि त्याचा हात हातात धरून गिरवायला लागली.

म्हातारी खिडकीकडून बघत होती. "लग्नाला वीस वर्षं झाली," ती म्हणाली, "आज दिवसाउजेडी हात धरलेला बघितला."

"आई, तुम्ही झोपा बघू."

"झोपते कशाला? फुकटचा तमाशा आहे."

खरी अडचण अक्षरांची नव्हती. स्पेलिंगांची होती. तिने आठाचा शब्द लिहिला. एट. त्याच्याआधी 'एच' लावला. "आता वाच." तो म्हणाला, "हेट." ती म्हणाली, "नाही. हाइट. उंची."

त्याने पेन खाली ठेवलं. "का?"

"का म्हणजे काय? तसंच आहे."

"एक अक्षर आधी लागलं म्हणून सगळ्या शब्दाने तोंड फिरवायचं? ह्या भाषेला आईबाप आहेत का नाहीत?"

"नसतील. पण टाकीची उंची रोज लिहावी लागते, तेव्हा शिकून घ्या."

पंप ठोके देतो, त्या ठोक्याच्या शब्दाच्या आधी 'के' लावायचा आणि तो म्हणायचा नाही, हे ऐकल्यावर तर तो उठून बाहेरच गेला. अर्ध्या तासाने आला. "म्हणायचा नाही तर लिहायचा कशाला?" एवढंच विचारलं.  तिला तो 'के' पहिल्या वर्षी तीन लाल गोलांनी शिकवला होता.

मग तिने स्वतःची युक्ती काढली. ती स्वतः अशीच शिकली होती. शब्द जसा लिहायचा तसाच म्हणायचा. बाहेरचे काय म्हणतात ते बाहेर. ठोका म्हणजे 'क्नॉक'. उंची म्हणजे 'हेइघट'. दाब म्हणजे 'प्रेस्सुरे', दोन 'एस'वर चांगला जोर देऊन. गळती म्हणजे 'लेआकागे'. पुरेसं म्हणजे 'सुफ्फिसिएंट'. घरात ही नवीनच भाषा सुरू झाली. पाणीवाला पंपावर जाता-येता पुटपुटायचा. ती मोरीशी घोकायची. आणि म्हातारीची तर जीभच मोकळी सुटली.

"काय गं, चहा सुफ्फिसिएंट नाही आज."

"माझ्या गुडघ्यात क्नॉक उठलाय बघ."

एकदा शेजारची बाई पाणी न्यायला आली तर म्हातारीने तिला विचारलं, "तुमच्याकडे प्रेस्सुरे कसं आहे?" ती बिचारी गोंधळून म्हणाली, "बरं आहे, परवाच डॉक्टरांना दाखवलं." ती गेल्यावर तिघं हसून हसून बेजार झाली. पाणीवाल्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. त्याला इतकं हसताना तिने कधी बघितलं नव्हतं. तिच्या मनात आलं, हा महिना असाच राहिला तर किती बरं होईल. लगेच स्वतःचाच राग आला, कारण महिना हसण्यात गेला तर घर जाणार होतं.

तिसऱ्या आठवड्यात मात्र भांडण झालं. नदी आणखी आत सरली होती. पहाटेपासून तो कंबरभर चिखलात उभा राहून पाइप पुढे ओढत होता. खांद्याची साल गेली होती. तसाच येऊन लिहायला बसला. ती जुन्या वहीतले तिचे शेरे काढून देत होती आणि तो उतरवत होता. 'कसून धुतली' आलं. तो अडला. परत लिहिलं, परत चुकलं. आठव्या वेळेला त्याने वही ढकलली.

"हे कोणी सांगितलं होतं लिहायला? टाकी धुतली म्हणालो होतो मी. धुतली. कसून कुठून आलं?"

ती जुनी वही मिटायला लागली.

"सुफ्फिसिएंट काय, कसून काय, किंचित काय. मुद्दाम शोधून शोधून अवघड शब्द भरून ठेवलेस. आता साहेब म्हणणार, हे सगळं तूच लिहिलंस ना, मग लिही. माझ्या नोकरीवर तू मिरवून घेतलंस अकरा वर्षं."

"मिरवलं?" ती म्हणाली. "कोणापुढे?"

 तो वहीकडे बघत बसला. तिने त्याच्या खांद्याकडे बघितलं, उठली, तेल कोमट करून आणलं आणि साल गेलेल्या जागेच्या कडेने लावायला लागली. तो कळवळला पण हलला नाही. थोड्या वेळाने हळूच म्हणाला, "परत सांग. टी, एच, ओ. पुढे?"

तिने पुढे सांगितलं. पण त्या दुपारी तिला आतून कुठेतरी फार एकटं वाटलं. तिला वाटत होतं की ते शब्द त्यालाही थोडे आवडत असतील.

परीक्षेच्या दिवशी तीही बरोबर गेली. डबा धरायला कोणीतरी हवं, असं सांगून. कार्यालयाच्या ओट्यावर बाकीचे पंपवाले टेकून बसले होते. कोणी तोंडातल्या तोंडात पुटपुटत होतं, कोणी तळहातावर लिहून आणलेलं पुसत होतं. पूर्वी तिची वही ऐकून हसलेले हेच. आज हसायच्या अवस्थेत कोणी नव्हतं.

पाणीवाल्याला आत बोलावलं. खिडकी अर्धी उघडी होती. ती भिंतीला लागून उभी राहिली. तिथून त्याची पाठ दिसत होती, आणि घामाने चिकटलेला सदरा.

"लिहा," साहेब म्हणाले. "सकाळी सहाला पंप सुरू केला. दाब पुरेसा होता. टाकीतली उंची आठ फूट. पंपातून ठोक्यांचा आवाज आला. वरच्या वळणावर किंचित गळती. टाकी कसून धुतली."

सगळं तिच्याच वहीतलं होतं. साहेबांनी तिचेच शेरे निवडून काढले होते. तिने डोळे मिटले. भिंतीवर तिचं बोट चाललं होतं. दोन एफ. दोन एस. आधी एच, आणि मग आठ. के विसरू नका, अहो, के. आत पेनाची कुरकुर थांबली की तिचा श्वास थांबायचा, सुरू झाली की सुरू व्हायचा. सातवीनंतर ती एकाच परीक्षेला बसली, ती अशी, भिंतीच्या बाहेरून.

"ओ बाई," मागून कारकून म्हणाला. "खिडकीतून काय बघताय? आत लिखापढीचं काम चाललंय. तिकडे बसा झाडाखाली."

"हो, हो," म्हणून ती झाडाखाली जाऊन बसली. पुढचं तिला काहीच ऐकू आलं नाही.

बऱ्याच वेळाने तो बाहेर आला. दोन पायऱ्या एकदम उतरला. तोंडावर हसू मावत नव्हतं. "एक चूक," तो म्हणाला. "अख्ख्या पानात एक. साहेब म्हणाले, अक्षर आधीपेक्षा जरा जड वाटतंय. मी बोट दाखवलं, म्हटलं पट्ट्यात सापडलं होतं. म्हणाले, ठीक आहे. झालं गं. आपलं घर राहिलं."

तिला रडू आलं, चांगलं घळाघळा. तोही डोळे पुसायला लागला. परत येताना वाटेत त्याने डबा स्वतःच्या हातात घेतला आणि म्हणाला, "तू होतीस म्हणून." अकरा वर्षांत हे पहिल्यांदा म्हणाला. तिला वाटलं, आता आणखी काही नको. तो मधेच एकदा थांबला, काहीतरी सांगणार असं वाटलं, मग म्हणाला, "उन्हं फार झाली," आणि पुढे चालायला लागला.

आठ दिवसांनी साहेब स्वतः आले. कायम झालेल्या सहा जणांची पंपघरं बघायची होती, आणि वारसाच्या कागदावर बायकोची निशाणी घ्यायची होती. नोकरीवर असताना माणसाला काही झालं तर खोल्या आणि हक्क तिच्याकडे यावेत, असा तो कागद. तिने सकाळपासून घर झाडून घेतलं होतं. म्हातारीला धुतलेलं लुगडं नेसवलं होतं. आणि एक गोष्ट तिने कोणाला सांगितली नव्हती: दोन दिवस ती शेणीच्या राखेत काडीने सही गिरवत होती. वहीवर सही नवऱ्याची असायची. स्वतःचं नाव इंग्रजीत कागदावर लिहायची वेळ तिच्यावर आलीच नव्हती. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून तिने ते जरा वेगळं, शाळकरी, तिरपं बसवलं होतं. इतका विचार तिने केला होता.

साहेबांनी पंपघर बघितलं. मग खोलीत आले, खुर्चीवर बसले, चहा घेतला. अकराच्या अकरा वर्षांच्या वह्या फळीवरून काढून घेतल्या.

"ह्या मी नेतो. बाकीच्यांना दाखवायच्या आहेत. म्हणावं, बघा, माणसाने मनावर घेतलं तर काय होतं. तिसरी शिकलेला माणूस, आणि हे शब्द." त्यांनी एक पान उघडून तिला दाखवलं. "बाई, तुम्हाला कळणार नाही, पण तुमच्या नवऱ्याने ह्यात काय मेहनत घेतलीय."

"हो," ती म्हणाली. ते पान दोन वर्षांपूर्वीचं होतं. त्या दिवशी म्हातारीला ताप होता आणि तिने एका हाताने घड्या बदलत ते लिहिलं होतं.

साहेबांनी कागद पसरला. तिने हात पदराला पुसला, पुढे आली, आणि टेबलावरच्या पेनाला हात लावला. टोपण काढलं.

"पेन नको," साहेब म्हणाले आणि पिशवीतून एक गोल डबी काढून उघडली. आत निळी गादी होती. "मी आणलंय बरोबर. हे म्हणाले होते कार्यालयात. मी विचारलं होतं, घरात आणखी कोणी लिहिणारं आहे का? नाही म्हणाले. बायको अंगठेबहाद्दर आहे म्हणाले."

तिने नवऱ्याकडे बघितलं. तो दाराच्या चौकटीला टेकून उभा होता आणि जमिनीकडे बघत होता. त्याचे कान लाल झाले होते.

"अंगठा?" खाटेवरून म्हातारी म्हणाली. "हिचा?"

 साहेबांनी वळून बघितलं. "काय म्हणता आजी?"

म्हातारीने मुलाकडे बघितलं. मग सुनेकडे बघितलं. मग फळीकडे, वह्या काढून घेतल्यावर तिथे राहिलेल्या धुळीच्या रेघेकडे. तिचा जबडा दोनदा हलला.

"म्हटलं," ती म्हणाली, "डावा का उजवा?"

"डावा चालेल."

तिने पेनाला टोपण लावलं. पेन होतं तिथे ठेवलं. साहेब भले माणूस. त्यांनी तिचा अंगठा स्वतः धरला, गादीवर फिरवला, आणि कागदावर अलगद, ह्या कडेपासून त्या कडेपर्यंत लोळवला. "हलवू नका. हां. झालं." उठलेल्या ठशाशेजारी त्यांनी तिचं नाव स्वतः इंग्रजीत लिहिलं. नावात एक अक्षर जास्तीचं पडलं. तिला ते उलटं दिसत असूनही दिसलं. तिने अंगठा मुठीत मिटून घेतला.

जाताना साहेब दारात थांबले. "बाई, राग मानू नका, पण सही तरी शिकून घ्या ह्यांच्याकडून. घरात इतकं चांगलं अक्षर आहे."

"शिकेन," ती म्हणाली.

साहेबांची गाडी धूळ उडवत गेली. पाणीवाला तांब्या घेऊन आला. ती मोरीपाशी बसली होती. तो तिच्या हातावर पाणी घालायला लागला, ती साबण लावून चोळत राहिली. शाई निघेना.

"त्यांनी एकदम विचारलं," तो म्हणाला. "मला दुसरं काही सुचलं नाही. शिकलेली आहे म्हटलं असतं तर ते म्हणाले असते, मग वही..."

"कळतंय."

"घर गेलं असतं गं."

"कळतंय मला."

"सांगणार होतो तुला. वाटेत सांगणार होतो."

"पाणी सांडतंय," ती म्हणाली. "नदीत नाहीये, जपून घाला."

त्याने तांब्या तिच्याजवळ ठेवला. मग पंपावर गेला.

नवी वही आता पंपघरातच ठेवायची आणि तिथेच लिहायची, असा साहेबांचा हुकूम होता. दुसऱ्या दिवशी एकला पंप बंद झाला. ती सवयीने हात धुऊन, पुसून, भिंतीला टेकून बसली. वीस मिनिटांनी पाणीवाला आला, रिकाम्या हाताने. जेवताना तो खुशीत होता. लपवायचा प्रयत्न करत होता पण जमत नव्हतं.

"एकाही शब्दाला अडलो नाही आज," तो म्हणाला. "उंचीसुद्धा बरोबर आली. आणि पट्टा घसरला, तर किंचित घसरला असं लिहिलं."

"छान झालं," ती म्हणाली.

तो जेवून पंपघराच्या सावलीत आडवा व्हायला गेला. तिने ताटं उचलली, घासली, पालथी घातली. खरकटं पुसलं. मग करायला काही उरलं नाही तशी परत भिंतीला टेकून बसली आणि रडायला लागली. उगाच झाकून कशाला सांगायचं, तोंडात पदराचा बोळा कोंबून, हमसून हमसून रडली.

म्हातारी खाटेवर कुशीला वळली. बराच वेळ तिने रडू दिलं. मग म्हणाली, "मी खोटं बोलले गं काल."

"तुम्ही काही बोलला नाहीत, आई."

"तेच."  म्हातारीने खाटेच्या कडेवर हात आपटून सुनेला जवळ बोलावलं. ती येऊन खाली बसली. म्हातारीने तिचा डावा हात ओढून स्वतःच्या हातात घेतला, अंगठा मुठीत धरून ठेवला. "आज वार कोणता?"

"बुधवार."

"इंग्रजीत लिहायला कठीण आहे का?"

ती नाक पुसत म्हणाली, "कठीण आहे. ह्यांना यायचा नाही."

"मग मला म्हणून दाखव. एकेक अक्षर. घाई करू नकोस."

"तुम्हाला काय कळणार त्यातलं?"

"काही नाही कळणार. तू म्हण."

खिडकीबाहेर पंपघराच्या सावलीत पाणीवाला घोरत होता. तिने पदर नीट केला. मग शाळेत उभं राहून म्हणतात तशी पाठ ताठ करून म्हणाली, "डब्ल्यू. ई. डी. एन. ई. एस. डी. ए. वाय."

प्रत्येक अक्षराला म्हातारी मान डोलावत होती. शेवटच्या अक्षरानंतर तिने जरा विचार केल्यासारखं केलं.

"बरोबर आहे," ती म्हणाली. "आता उद्याचा."